कुर्डुवाडी जंक्शन, पुढे बास्तेर

अडीच फुटी रूळ या जन्मात पुन्हा पायाखाली येतील असं वाटलं नव्हतं. आमची कुर्डुवाडी वसली ती याच रुळांमुळं. खरं गाव कुर्डू, ते बाजूला. मोठ्या लाईनीवरच्या या स्टेशनाला आधी बार्शी रोड म्हणत. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत छोटी गाडी सुरू केली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. तीच आमची बार्शी लाईट. वडील कंपनीच्या अमदानीत वर्कशॉपात लागले आणि 1954 ला सरकारनं कंपनी विकत घेतली तेव्हा बसल्या जागी सरकारी नोकर झाले. मी त्यांच्यामागून त्याच शेडमध्ये फिटर झालो आणि तिथंच टक्कल पडून रिटायर झालो. दरम्यान लाईन तुकड्यातुकड्यानं ब्रॉडगेज होत गेली. गाड्या वेगानं पळायला लागल्या, वारकऱ्यांची सोय झाली, सगळं चांगलंच झालं. फक्त माझ्या हाताला जे माप पाठ होतं, 762 मिलिमीटर, ते लावायला जागा राहिली नाही.

ते माप मला पुन्हा सापडलं ते सेंट किट्सला, कॅरिबियन समुद्रात. सेंट किट्स आणि शेजारचं नेव्हिस या दोन बेटांचा मिळून एक स्वतंत्र देश आहे, 1983 पासूनचा. क्षेत्रफळ 261 चौरस किलोमीटर, माणसं पन्नास हजारांच्या आसपास. उत्तर-दक्षिण अमेरिकेत याहून लहान देश नाही. आमच्या एका माढा तालुक्यात असे चार-पाच देश बसतील आणि वर उसाला रान उरेल. पण मी काही रूळ बघायला गेलो नव्हतो. नातवाला त्याच्या आईकडं सोडायला गेलो होतो.

आमचे चिरंजीव लहान मुलांचे डॉक्टर. कुर्डुवाडीत त्यांचं छोटं हॉस्पिटल, वर आम्ही राहतो, खाली पोरं रडतात. सूनबाई एम. डी. आहेत, विषय फिजिऑलॉजी. म्हणजे पेशंट तपासणाऱ्या नव्हेत, शिकवणाऱ्या. लग्नानंतर त्या एका खासगी मेडिकल कॉलेजात शिकवायला जात. जाण्या-येण्यात दिवस जायचा आणि पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या कर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता. 2018 मध्ये त्यांच्या बरोबरीच्या एका बाईनं सांगितलं की सेंट किट्सला जागा आहे. मुलाखत कॉम्प्युटरवरच झाली.

कॅरिबियनमध्ये अशी मेडिकल कॉलेजं बरीच आहेत. ग्रेनाडा, बार्बाडोस, सेंट लुसिया, अरुबा, कुरासाव, जिकडं बघाल तिकडं. ज्यांना अमेरिकेत प्रवेश मिळत नाही अशी अमेरिकन आणि कॅनेडियन पोरं तिथं येतात, आता आपलीही जातात. पहिली दीड-दोन वर्षं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री बेटावर शिकायची, मग अमेरिकेची परीक्षा देऊन पुढचं शिक्षण तिथल्या हॉस्पिटलांत घ्यायचं. त्यामुळं या कॉलेजांना ऑपरेशनवाले डॉक्टर फारसे लागत नाहीत, फळ्यापुढं उभे राहणारे लागतात. ते आपल्याकडं भरपूर, आणि आपल्याकडं त्यांना कोणी विचारत नाही. सूनबाईंच्या डिपार्टमेंटमध्ये कर्नाटकातले एक सर, दोन तामिळ, एक नेपाळी आणि एक नायजेरियन बाई.

पोरगं तेव्हा तीन वर्षांचं. ते आईबरोबर जाईल, मुलगा इथंच राहील आणि वर्षा-दोन वर्षांत कर्ज फिटलं की त्या परत येतील असं ठरलं. कर्ज फिटलं, त्या परत आल्या नाहीत. शिकवण्यात त्यांचा जीव रमला आणि वर्गात मान मिळाला. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. गावाला दिसलं. कट्ट्यावर मला विचारायचे, "अण्णा, सून तिकडं, पोरगा हिकडं, ह्ये उलटंच झालं की." मुलगा दुबईला गेला असता आणि सून इथं आमच्या भाकरी थापत राहिली असती, तर याच लोकांनी पोरानं नशीब काढलं म्हणून पेढे मागितले असते.

आणि हे कोणी म्हणावं, तर कुर्डुवाडीनं! अर्धं गाव रेल्वेत. ड्रायव्हर, गार्ड लोकांची निम्मी हयात दौंडच्या नाही तर वाडीच्या रनिंग रूममध्ये जाते. दुसऱ्या अंगाला ऊसतोड. दिवाळी झाली की बीडकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडात. तान्हं पोर पाठीला, शाळेचं पोर गावाकडं आजीपाशी. पिंपळनेरच्या कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आम्ही जन्मभर बघतो, पण त्यांच्या संसाराला कोणी "फुटलेलं घर" म्हणत नाही. ती त्यांची रीत म्हणून सोडून देतो. आपल्या घरात तसंच झालं की मग चर्चा.

साडेनऊ तासांचा फरक आहे. इथं सकाळचे सात वाजले की तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ. आमचा चहा, त्यांची झोपायची वेळ. चिरंजीव दाढी करता करता फोन बेसिनपाशी टेकवायचा आणि नातू तिकडून अंथरुणात पडून पाढे म्हणायचा. दुपारी चारला, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, दुसरा फोन. तेव्हा तिथं सकाळचे साडेसहा, डब्याची घाई. या दोन खिडक्यांत संसार चालला होता. त्यात भांडणंसुद्धा बसवावी लागत. अर्ध्यावर आलेलं भांडण "पेशंट आलाय" म्हणून राहिलं तर ते दुसऱ्या दिवशी सातलाच पुढं सुरू होणार. दुसऱ्यांच्या पोरांचे ताप उतरवणाऱ्या बापाला स्वतःच्या पोराचा ताप आकड्यात कळायचा, एकशे एक पॉइंट चार.

मग 2020 आलं. 25 मार्चला इथं लॉकडाउन लागला आणि त्याच तारखेला सेंट किट्सनं आपला विमानतळ बंद केला. तो उघडला 31 ऑक्टोबरला. बेट सुरक्षित होतं, रोग त्यांनी जवळजवळ उंबऱ्याबाहेरच ठेवला, पण आतला माणूस बाहेर पडणं मुश्किल. ऑगस्टमध्ये माझी आई गेली. सूनबाईंनी फोनवर दर्शन घेतलं. त्या पूर्ण वेळ ऑनलाईन शिकवत होत्या आणि पाच वर्षांच्या पोराला त्या वेळात कोण सांभाळत होतं, हे आम्ही विचारलं तर म्हणाल्या, घरमालकीणबाई. त्या बाईंचे आभार मानायचे माझ्या डोक्यात तेव्हापासून होते.

योग आला 2024 च्या जानेवारीत. पोरगं नाताळच्या सुट्टीला आईबरोबर आलं होतं. सूनबाईंची टर्म आधी सुरू होत होती म्हणून त्या पुढं गेल्या, पोराला चार दिवस जास्त ठेवून घेतलं आणि न्यायला मी तयार झालो. त्याचा हिरमोड झालाच, कारण सोलापूरची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. हुरडा मात्र पोटभर खाऊन घेतला. आमची मंडळी गुडघ्यांमुळं आली नाही. तिनं शेंगाचटणी, मालदांडी ज्वारीचं पीठ आणि तिळाच्या वड्या बांधून दिल्या आणि मला बजावलं, "तिकडं जाऊन सुनेला शिकवू नका."

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई. पुढं न्यूयॉर्क, मग मायामी, मग सेंट किट्स. अमेरिकेत आम्हाला उतरायचंही नव्हतं, तरी अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो. नुसतं दारातून जायचं असलं तरी परवाना! न्यूयॉर्कला सामान उतरवून घेऊन पुन्हा चढवायचं होतं, तिथं एका अधिकाऱ्यानं चटणीची पिशवी वर धरली. तांबूस भुकटी, लसणाचा वास. मी घामाघूम. नातवानं मान वर करून त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला आणि पिशवी परत ठेवली. काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, शेंगदाणे आहेत, माझा आजोबा हे दर जेवणाला खातो, तपासायचं असेल तर त्यालाच तपासा. नऊ वर्षांचं पोर. विमानात पट्टा लावण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत त्यानंच मला सांभाळलं. कोण कोणाला सोडायला निघालं होतं, कुणास ठाऊक.

विमानतळाला रॉबर्ट ब्रॅडशॉ यांचं नाव आहे. हा गृहस्थ देशाचा मोठा पुढारी, पण सुरुवात साखर कारखान्याच्या मशिन शॉपमध्ये ॲप्रेंटिस म्हणून केलेली, तिथून कामगार संघटना आणि तिथून राजकारण. मशिन शॉपातल्या पोराचं नाव विमानतळाला, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. बाहेर गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. राजधानी बास्तेर पाहायला अर्धा दिवस पुरतो: घड्याळाचा हिरवा मनोरा, भोवती गोल रस्ता, पलीकडं इंडिपेन्डन्स स्क्वेअर. आता तिथं झाडं आणि बाकं आहेत. पूर्वी त्याच मैदानात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बाजार भरायचा. गुलामी संपल्यावर मळेवाल्यांनी आपल्याकडं नजर वळवली आणि 1861 ला कलकत्त्याहून डार्टमथ नावाच्या जहाजातून 337 माणसं इथं उसाच्या कामाला आणली. उचल देऊन समुद्रापार नेलेले कोयतेच ते. त्यांची बहुतेक पोरं-नातवंडं पुढं त्रिनिदादला वगैरे पांगली किंवा इथल्यांत मिसळून गेली. किल्ला आहे, ब्रिमस्टोन हिल, जागतिक वारशाच्या यादीतला. आमच्या परांड्याचा किल्ला पाहिलेल्या माणसाला तो फार नीटनेटका वाटतो. माकडं सगळीकडं. फ्रेंचांनी सतराव्या शतकात आणली म्हणे, आता आंबे आणि भाज्या पिकवणाऱ्यांना रडवतात.

सूनबाईंचं घर चढावर आहे. मागं डोंगर, पुढं समुद्र आणि मध्ये उसाचं रान. ऊस पाहून मी विचारलं, कोणाचा? कोणाचाच नव्हता. 2005 ला साखरेचा धंदा सरकारनं बंद केला. तीनशेहून जास्त वर्षं या बेटानं मुख्यतः ऊसच लावला होता. भाव पडले, कारखान्यावर कर्जाचा डोंगर झाला, आणि त्या वर्षीच्या हंगामानंतर गाळप थांबलं ते थांबलंच. ऊस आपला आपण फुटतो, वाढतो, वाळतो. तोडायला कोणी येत नाही. जुन्या मळ्यांच्या दगडी चिमण्या जागोजागी उभ्या आहेत. आमच्या सोलापुरात 2023 ला विमानांसाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा माणसं रडली होती. इथं चिमण्या तशाच आहेत, कारखानाच गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं बेवारस उभा ऊस बघू नये, पोटात गोळा येतो.

त्या रात्री नातवानं मला विचारलं, "आबा, ट्रेन बघायची?" मला वाटलं खेळण्यातली. तो म्हणाला, खरी आहे, पण रोज नसते, जहाज आलं तरच.

बंदरात मोठं क्रूझ जहाज लागलं की गाडी सुटते. 1912 ला बास्तेरमध्ये मोठा साखर कारखाना निघाला, त्याआधी प्रत्येक मळ्याचा आपापला घाणा असायचा. कारखान्याला ऊस पुरवायला 1912 ते 1926 या काळात किनाऱ्या-किनाऱ्यानं बेटाभोवती रूळ टाकले. 2003 पासून त्यावर प्रवाशांची सहल गाडी धावते. अठरा मैल रुळांवरून आणि उरलेले बारा बसनं, की बेटाला प्रदक्षिणा पुरी. तिकीट डॉलरमध्ये. सूनबाईंनी काढलं आणि किंमत मला सांगितली नाही, हे त्यांचं शहाणपण.

नीड्समस्ट नावाच्या छोट्या स्टेशनावर आम्ही लवकर पोचलो. प्रवासी अजून जहाजावरून उतरत होते. गाडी उभी होती आणि मी गाडीकडं न बघता खाली बघत होतो. डोळ्यांना कळलं होतं, पण हाताला खात्री हवी. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला छोटी टेप आहे, सवयीनं असते. वाकलो, एका रुळाच्या आतल्या कडेला पत्रा टेकवला, दुसऱ्यापर्यंत ओढला. सातशे बासष्ट. थोडं पुढं, जिथं वळण सुरू होतं, तिथं पुन्हा लावली. सातशे पासष्टच्या वर. वळणावर गेज थोडं सैल ठेवावं लागतं, नाहीतर चाकाची फ्लँज रुळाला घासते. म्हणजे काम जाणणाऱ्यानं टाकलेली लाईन होती. रुळाच्या माथ्यावर बोट फिरवलं. आतल्या कडेला झिजेची धार, बाहेर गंज, मध्ये चांदीसारखा पट्टा बोटभर रुंद. गाडी थोडीच धावते, पण धावते हे त्या पट्ट्यावरून कळत होतं.

निळ्या डगल्यातला एक उंच माणूस धावत आला. त्याला वाटलं म्हातारा पडला. मी टेप दाखवली. त्यानं नातवाला विचारलं, आजोबा कोण आहेत? पोरगं माझ्याकडं वळलं. मी म्हटलं, सांग त्याला, फिटर आहे.

त्या माणसाचा चेहराच बदलला. तो ऊसगाड्यांवर होता, कारखाना बंद होईपर्यंत. मग आम्ही तिघं गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. त्याचं इंग्रजी मला समजेना, माझं त्याला. नातू मध्ये. पण बोगीखाली वाकून स्प्रिंग दाखवली, ब्रेकचा ठोकळा दाखवला, की दुभाष्या कशाला लागतो? इंजिन रोमानियात बनलेलं डिझेल, आमच्या छोट्या लाईनीवरच्या झेडडीएम इंजिनापेक्षा ठेंगणं. मी त्याला सांगितलं की आमच्या कंपनीची पहिली इंजिनं इंग्लंडात लीड्सच्या किटसन कारखान्यात झाली होती आणि कॅलथ्रॉप साहेबानं कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असा नियम घातला होता. लीड्सचं नाव ऐकून तो म्हणाला, माझी मावशी तिथंच आहे. मला तो योगायोग वाटला. नव्हता, ते पुढं कळलं.

डबे दोन मजली. खाली एसी, वर उघडा मजला, छत आणि बाकं. वारीत बार्शी लाईटच्या टपावर बसणाऱ्यांना आमचे टीसी काठीनं खाली उतरवायचे. इथं टपाचेच पैसे घेतात. गाडी निघाली आणि सांध्यांचा आवाज सुरू झाला. खडक् खडक्, पुलावर पोकळ, कटिंगमध्ये भरीव. ओढ्यांवरचे लोखंडी पूल, डावीकडं डोंगर, उजवीकडं समुद्र, दोन्हीकडून डब्याला घासणारा ऊस. गाण्याचं पथक आलं, अमेरिकन पाहुण्यांच्या हातात रमचे ग्लास आले, नातवाला सरबत मिळालं. सगळे समुद्राचे फोटो काढत होते. मी डोळे मिटून बसलो होतो. नातवानं कोपर मारून विचारलं, झोपलात? मी म्हटलं, शेंद्री गेलं, आता बार्शी येईल. त्याला काही कळलं नाही.

आता घरमालकीणबाई. पंचाहत्तरीच्या, खणखणीत. पोरगं त्यांना ग्रॅनी म्हणतं. मी हात जोडून आभार मानले आणि मंडळीनं दिलेली सोलापुरी चादर त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलगडून, उलटी करून, काठ बघून घडी घातली आणि म्हणाल्या, आभार कसले, या बेटावर सगळी पोरं आज्यांनीच वाढवलीत. मी महिना-दीड महिना राहिलो. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो, सूनबाई किंवा नातू बोलणं जुळवून द्यायचे. तेवढ्या काळात त्यांनी एकदाही विचारलं नाही की हिचा नवरा इथं का नाही. आमच्या कट्ट्यावर जो पहिला प्रश्न, तो तिथं शेवटपर्यंत आला नाही.

त्यांची आई पन्नाशीच्या दशकात बोटीनं इंग्लंडला गेली, लीड्सला, एका हॉस्पिटलात सफाईच्या कामाला. तेव्हा सेंट किट्स-नेव्हिसची माणसं एकामागून एक लीड्सलाच गेली. आजही चॅपलटाऊन भागात त्यांची मोठी वस्ती आहे आणि 1967 पासून तिथं भरणारा कॅरिबियन कार्निव्हल नेव्हिसच्याच माणसानं, आर्थर फ्रान्स यांनी उभा केला. घरमालकीणबाई आणि त्यांची दोन भावंडं आजीकडं राहिली. वर्षातून एकदा बंदरावर पिंप यायचं. हे पिंपाचं प्रकरण कॅरिबियनभर आहे. परदेशातले आई-बाप पिंप भरून सामान पाठवतात आणि अशा पोरांना तिकडं पिंपाची पोरंच म्हणतात. त्यात डबाबंद खाणं, साबण, कापड आणि बूट. बुटांची गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली. आजी कागद जमिनीवर ठेवायची, त्यावर पोराला उभं करायची आणि पेन्सिलीनं पावलाची कड काढायची. तो कागद पाकिटातून लीड्सला जायचा. आई त्या मापाचे बूट घ्यायची, पिंपात ठेवायची, पिंप भरायला महिने लागायचे. बूट यायचे तोवर पाय वाढलेले. मोठीचे बूट धाकटीला, धाकटीचे शेजारच्या पोरीला. आईनं घेतलेला बूट ज्याच्यासाठी घेतला त्याच्या पायात कधी आलाच नाही. बाई हे हसत सांगत होत्या. पुढं त्या स्वतः शेजारच्या सेंट थॉमस बेटावर हॉटेलात कामाला गेल्या तेव्हा त्यांची पोरंही आजीपाशीच राहिली. मुलगी आता लीड्सला. पिंपं आता इथून तिथं जातात, तिखट सॉस आणि चिंचेच्या गोळ्या भरून.

एक दिवस त्यांनी विचारलं, तुमचा मुलगा इथं येतो कधी? मी सांगितलं, पहिल्या वर्षी घर लावून द्यायला आला होता. मग नाही? मी म्हटलं, कसा येणार, हॉस्पिटल आहे.

त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, आमची आईही हेच लिहायची. हॉस्पिटल आहे, सुट्टी नाही. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: पोर दरवर्षी तिकडं जातं, सून दरवर्षी तिकडं जाते, आता तुम्हीही इथं आलात. एकच माणूस जागचा हलत नाही आणि सगळ्यांनी त्याच्याकडं जायचं. तो राजा आहे का?

सूनबाई ते माझ्यासाठी मराठीत सांगताना मध्येच थबकल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, हे मी नाही म्हणत हं, त्या म्हणतात." मी म्हटलं, कळलं.

त्याआधी मी मनात वेगळाच हिशेब धरला होता. पोराला पाचवीला कुर्डुवाडीच्या शाळेत घालावं, सूनबाईंनी करार संपला की यावं. तेच बोलायला मी आलो होतो, हेही खरं. पण रोज बघत होतो. पोरगं शाळेतून येतं, आईच्या टेबलाखाली बसून अभ्यास करतं, क्रिकेटला वॉर्नर पार्कच्या मागं जातं, तिथं 2007 च्या वर्ल्डकपात गिब्जनं एका षटकात सहा षटकार मारले होते हे येईल त्याला ऐकवतं. त्याला काही कमी नव्हतं. बाप कमी होता, आणि बापाला आणणं हे ना पोराच्या हातात होतं ना आईच्या. आम्ही मात्र सहा वर्षं दुसऱ्याच टोकाला जोर लावत होतो: त्या दोघांनी कधी यावं? कुर्डुवाडीत बसलेल्या माणसाला वाटतं आपण स्टेशन आहोत आणि बाकीचे सगळे गाड्या.

होळीच्या आधी मी परतलो. मंडळीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी हे चार वर्षं म्हणतीय, तुम्हाला बेटावरच्या बाईकडून ऐकायचं होतं." चिरंजीव आधी ऐकेना. पेशंट तुटतील, नर्सचे पगार कुठून द्यायचे, गावात नवा डॉक्टर आलाय. सगळं खरं होतं. पण कारखान्याचा कोयता उचल फेडायला सहा महिने घर सोडतो आणि ज्याची उचल फिटलेली आहे त्याला एक महिना निघत नाही, हे काही पटण्यासारखं नव्हतं. मी तसं तोंडावर बोललो. दोन दिवस अबोला झाला.

लहान मुलांच्या डॉक्टरला पावसाळ्यात उसंत नसते. एप्रिल त्यातल्या त्यात मोकळा, आणि ईस्टरमुळं तिकडंही शाळेला सुट्टी. 2025 च्या मार्चमध्ये हॉस्पिटलच्या दारावर पाटी लागली: एप्रिल महिन्यात डॉक्टर बाहेरगावी आहेत, तातडीच्या पेशंटनी बार्शीला जावं. खाली तिथल्या मित्र-डॉक्टरचा नंबर. पाटी रंगवून आणली मी. कट्ट्यावर विचारणा झालीच, "अण्णा, डॉक्टर कुठं गेले?" मी सांगितलं, "घरी."

महिन्याची कमाई बुडाली आणि चार-पाच घरं कायमची दुसऱ्या डॉक्टरकडं गेली. त्याहून जास्त नुकसान झालेलं नाही. पुढच्या एप्रिलचं तिकीट त्यानं या खेपेला स्वतःच काढून ठेवलंय.